गांगुली : एका आडनावाची माणसे

गांगुली हे बंगालमधील राढी ब्राह्मणांचे आडनाव. त्याचे ग्रांथिक रूप गंगोपाध्याय. मुखोपाध्याय, बंद्योपाध्याय, चट्टोपाध्याय आणि गंगोपाध्याय ही चारही आडनावे एकाच घडणीची; बोलण्यात आणि इंग्रजी दप्तरात त्यांची मुखर्जी, बॅनर्जी, चॅटर्जी आणि गांगुली अशी रूपे रुळली. एकाच घरात थोरल्या भावाने गंगोपाध्याय लिहावे आणि धाकट्याने गांगुली, याचे बंगालमध्ये कोणाला नवल वाटत नाही. त्यामुळे या आडनावाच्या माणसांचा शोध घेताना दोन्ही रूपे पाहावी लागतात. शिवाय इंग्रजी स्पेलिंगचे चार-पाच प्रकार आहेत, ते वेगळेच.

कुलकथा अशी की, आदिशूर नावाच्या राजाने कनौजहून पाच वेदज्ञ ब्राह्मण बंगालमध्ये आणले. त्यांच्या वंशजांना राढ भागातील गावे मिळाली आणि त्या गावांवरून कुळांची नावे पडली. गांगुलींचे गोत्र सावर्ण. आदिशूराच्या अस्तित्वाला इतिहासकारांना भक्कम पुरावा सापडलेला नाही, पण गावावरून कुळाचे नाव ही गोष्ट मात्र खरी दिसते. मराठी वाचकाला ती परकी वाटू नये. ‘कर’ लावून गावाचे आडनाव करण्याची चाल इकडेही आहे.

अमेरिकेत २०१० च्या जनगणनेत स्मिथ आडनावाचे २४ लाखांहून अधिक लोक नोंदले गेले. त्यांच्यातील नामवंतांची यादी केली तर तीत लोहारकामाचा पूर्वेतिहास सोडून दुसरे काही समान निघणार नाही. गांगुलींचे तसे नाही. हे आडनाव एका लहान, शिकलेल्या, कुलीनपणाचा मान मिळालेल्या वर्गाचे होते. इंग्रजी अमदानीत हाच वर्ग वकिली, वैद्यक, छापखाने, मासिके आणि पुढे सिनेमा यांत सर्वांत आधी शिरला. म्हणून गांगुलींच्या चरित्रांतून बंगालच्या दीडशे वर्षांचा एक उभा छेद दिसतो. अर्थात आडनाव एक म्हणून रक्त एक, असे समजण्याचे कारण नाही. जोशी-कुलकर्ण्यांबाबत तसे कोणी समजत नाही, गांगुलींबाबतही समजू नये.

दुसरी अडचण अधिक महत्त्वाची आहे. जन्माने गांगुली असून ते आडनाव टाकलेले लोक बरेच आहेत. जन्माने गांगुली नसून लग्नाने झालेल्या आणि ते नाव मोठे केलेल्या स्त्रियाही आहेत. आडनावाच्या सूचीत फक्त पाटीवर तसे नाव असलेले लोक घ्यायचे ठरवले, तर तिचा अर्धा जीव निघून जाईल. टाकलेल्या आडनावाचे सर्वांत जुने आणि सर्वांत ठळक उदाहरण कोलकात्याच्या दक्षिणेकडील बेहाला या भागात आहे.

बेहाला आज कोलकाता महानगरपालिकेत आहे, पण १९८४ पर्यंत ते साउथ सबर्बन या वेगळ्या नगरपालिकेत होते. डायमंड हार्बर रस्ता त्याच्या मधून जातो. या रस्त्यावरच्या बडिशा या जुन्या वस्तीत सावर्ण रायचौधुरी घराण्याचे वाडे आहेत. ‘सावर्ण’ हे त्यांचे गोत्र, ‘राय’ आणि ‘चौधुरी’ हे किताब. मूळ आडनाव गंगोपाध्याय. घराण्याचा मूळपुरुष लक्ष्मीकांत गंगोपाध्याय. परंपरा सांगते की त्याच्या वडिलांनी संन्यास घेतला होता आणि पुढे ते राजा मानसिंगाचे गुरू झाले. लक्ष्मीकांताला १६०८ मध्ये जहांगीर बादशहाकडून जहागीर मिळाली. त्याला मजुमदार हा किताबही होता. हा शब्द मराठी माणसाच्या ओळखीचा आहे, कारण फारसी दप्तरातून आलेले मुजुमदार हे पद शिवशाहीतही होते आणि त्याचे आडनाव महाराष्ट्रातही झाले. पदाने मूळ आडनाव झाकून टाकण्याची ही रीत बंगालपासून कोकणापर्यंत सारखीच चालली.

या घराण्याने बडिशाला १६१० मध्ये दुर्गापूजा सुरू केली. ती आजही चालते आणि कोलकात्यातील सर्वांत जुन्या घरगुती पूजांत मोजली जाते. वाड्यांच्या वाटण्या झाल्या तशा पूजाही वाटल्या गेल्या. आटचाला, बडो बाडी, मेजो बाडी अशा नावांनी त्या ओळखल्या जातात. मात्र घराण्याचे नाव इतिहासात गेले ते वेगळ्या कारणाने. सुतानुटी, कलिकाता आणि गोविंदपूर या तीन गावांचे हक्क त्यांच्याकडे होते. मोगल सुभेदार अजीम-उश-शान याच्या परवानगीने १० नोव्हेंबर १६९८ रोजी ते १३०० रुपयांना ईस्ट इंडिया कंपनीकडे गेले. कंपनीच्या बाजूने हा व्यवहार चार्ल्स आयर याने केला. तो कंपनीचा अधिकारी जॉब चार्नॉक याचा जावई. या तीन गावांतूनच पुढे कोलकाता शहर उभे राहिले. चार्नॉक २४ ऑगस्ट १६९० रोजी सुतानुटीला उतरला, तोच शहराचा जन्मदिवस, असे शाळेच्या पुस्तकांतून शिकवले जाई. सावर्ण रायचौधुरी परिवार परिषदेने त्याला न्यायालयात आव्हान दिले. उच्च न्यायालयाने इतिहासतज्ज्ञांच्या समितीचे मत घेऊन १६ मे २००३ रोजी निर्णय दिला की चार्नॉक हा कोलकात्याचा संस्थापक नाही आणि २४ ऑगस्ट हा शहराचा वाढदिवसही नाही. शहर एका माणसाने एका दिवशी वसवले नाही, आधीची गावे आणि तिथली माणसे होती, हे न्यायालयाने मान्य करणे फार मोलाचे आहे. गावे विकणाऱ्यांच्या वंशजांनी ते मान्य करून घेतले, म्हणून तर ते अधिकच लक्षात राहते. घराण्याचे कागद, भांडी, नाणी जपणारे संग्रहालय बडिशाच्या बडो बाडीत आहे.

एकोणिसाव्या शतकात गांगुली आडनाव प्रथम छापील पानांवर ठळकपणे दिसू लागते. तिथे पहिला मान किसारी मोहन गांगुली यांचा. संपूर्ण महाभारताचे पहिले इंग्रजी गद्य भाषांतर त्यांचे आहे. ते १८८३ ते १८९६ या काळात भागाभागाने प्रसिद्ध झाले. प्रकाशक प्रतापचंद्र राय. इतके प्रचंड काम एका आयुष्यात पुरे होईल याची किसारी मोहनांना खात्री नव्हती. मध्येच दुसऱ्याला ते हाती घ्यावे लागले तर घोटाळा नको, म्हणून मुखपृष्ठावर भाषांतरकाराचे नाव घालायचे नाही असे ठरले. परिणाम असा झाला की कित्येक वर्षे लोक हे भाषांतर रायांचेच समजत राहिले. प्रत्यक्षात गांगुलींनी अठराही पर्वे पुरी केली आणि राय मात्र १८९५ मध्ये वारले; शेवटचे भाग त्यांच्या पत्नी सुंदरीबाला यांनी प्रसिद्ध केले. पुण्याच्या भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध होण्याच्या कितीतरी आधी जगभरच्या इंग्रजी वाचकांनी महाभारत वाचले ते मुख्यतः याच भाषांतरातून. या आडनावाच्या सगळ्या माणसांत सर्वांत जास्त वाचला गेलेला आणि सर्वांत कमी ओळखला गेलेला माणूस हाच.

त्याच काळातील द्वारकानाथ गांगुली (१८४४–१८९८) ढाक्याजवळच्या विक्रमपूर भागातले. कुलीन ब्राह्मणांत एका पुरुषाने अनेक बायका करण्याची प्रथा होती. कुलीन वर मिळवण्यासाठी मुलीचे वडील वाटेल ते करत आणि लग्नानंतर मुलगी जन्मभर माहेरीच राही. द्वारकानाथ स्वतः कुलीन घरातले, पण या प्रथेविरुद्ध उभे राहिले. १८६९ मध्ये त्यांनी ‘अबलाबांधव’ हे पत्र काढले. मुलींच्या उच्च शिक्षणासाठी ते झटले, आसामच्या चहामळ्यांतील मजुरांचे हाल त्यांनी लोकांसमोर आणले. त्यांच्या पहिल्या पत्नीपासून झालेल्या मुलीचे, बिधुमुखीचे, लग्न उपेंद्रकिशोर रायचौधुरी यांच्याशी झाले. सुकुमार राय हे तिचे पुत्र आणि सत्यजित राय नातू.

द्वारकानाथांची दुसरी पत्नी कादंबिनी. तिच्या चरित्राशी मराठी वाचकाने थांबायलाच हवे. कादंबिनी बसू हिचा जन्म १८६१ चा, भागलपूरचा. ती आणि चंद्रमुखी बसू या दोघींना १८८३ च्या पदवीदान समारंभात कोलकाता विद्यापीठाची बी.ए. पदवी मिळाली, भारतातील पहिल्या महिला पदवीधर त्या याच. त्याच वर्षी तिचा द्वारकानाथांशी विवाह झाला आणि त्याच वर्षी ती कोलकाता मेडिकल कॉलेजात दाखल झाली. आणि त्याच वर्षी, एप्रिल १८८३ मध्ये, आनंदीबाई जोशी कोलकात्याहून अमेरिकेच्या बोटीत बसल्या. त्यांचे पती गोपाळराव तेव्हा कोलकात्याजवळच्या श्रीरामपूर येथे टपाल खात्यात नोकरीला होते. १८८६ मध्ये आनंदीबाईंना फिलाडेल्फियात एम.डी. मिळाली, कादंबिनीला कोलकात्यात जी.बी.एम.सी. ही पदविका मिळाली, कारण एका विषयात गुण कमी पडल्याचे सांगून तिला एम.बी. नाकारली गेली. आनंदीबाई फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात वारल्या. त्यांना रुग्ण तपासायला आयुष्य उरले नाही. कादंबिनी मात्र जवळजवळ चाळीस वर्षे रुग्ण तपासत राहिली.

ते सोपे गेले नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८८८ मधल्या एका पत्रात तिच्याविषयी चौकशी केलेली आहे. परदेशात तिचे कौतुक होत होते, त्याच सुमारास ‘बंगबासी’ या पत्राने मात्र तिच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवले. गांगुली दांपत्याने खटला भरला. संपादकाला सहा महिन्यांची कैद आणि शंभर रुपये दंड झाला. काँग्रेसच्या १८८९ च्या मुंबई अधिवेशनात प्रथमच स्त्री प्रतिनिधी आल्या, त्यांत कादंबिनी होती, पंडिता रमाबाईही होत्या. १८९३ मध्ये ती एकटी ब्रिटनला गेली आणि स्कॉटलंडमधील वैद्यकीय परवाना घेऊन परतली. आठ मुलांचे घर सांभाळून तिने हे केले. ३ ऑक्टोबर १९२३ रोजी तिचे निधन झाले. महाराष्ट्रात आनंदीबाईंचे नाव घरोघरी आहे आणि ते योग्यच आहे. पण त्यांच्या शेजारी कादंबिनीचे नाव ठेवल्याशिवाय त्या पिढीची गोष्ट पुरी होत नाही.

बंगाली साहित्यात हे आडनाव इतक्या वेळा येते की नामसाधर्म्याचे घोटाळे होतात. तारकनाथ गंगोपाध्याय हे पेशाने डॉक्टर. त्यांची ‘स्वर्णलता’ ही कादंबरी १८७४ मध्ये आली आणि बंगाली गृहस्थी जीवनाचे साधे, खरे चित्रण म्हणून गाजली. पुढच्या शतकातील नारायण गंगोपाध्याय (१९१८–१९७०) यांचे खरे नावही तारकनाथच, म्हणून काही सूच्यांमध्ये दोघांची सरमिसळ होण्याचा धोका असतो. कोलकात्याच्या गल्लीतला थापाड्या ‘टेनिदा’ आणि त्याची मित्रमंडळी हे नारायणबाबूंचे अपत्य. बंगाली मुले आजही त्याच्या गोष्टी वाचतात. भागलपूरचे गंगोपाध्याय घराणे हे शरच्चंद्र चट्टोपाध्याय यांचे आजोळ. मामा वरेरकरांनी मराठीत आणलेल्या शरच्चंद्रांचे बालपण बरेचसे या घरात गेले. त्याच घरातील उपेंद्रनाथ गंगोपाध्याय यांनी ‘बिचित्रा’ मासिक चालवले आणि बिभूतिभूषण या तेव्हा अनोळखी असलेल्या लेखकाची ‘पथेर पांचाली’ ही कादंबरी त्यात क्रमशः छापली. संपादकाने बिभूतिभूषणांवर दाखवलेला तो विश्वास नसता तर पुढे सत्यजित रायांचा चित्रपटही कदाचित वेगळ्याच गोष्टीवर झाला असता.

सुनील गंगोपाध्याय (१९३४–२०१२) हे या सर्वांत अधिक परिचित नाव. फरीदपूर जिल्ह्यात, म्हणजे आजच्या बांगलादेशात, जन्म; फाळणीने तुटलेले गाव त्यांच्या लेखनात सतत येते. १९५३ मध्ये त्यांनी मित्रांसह ‘कृत्तिबास’ हे कवितेचे नियतकालिक काढले. ‘अरण्येर दिनरात्रि’ आणि ‘प्रतिद्वंद्वी’ या त्यांच्या कादंबऱ्यांवर सत्यजित रायांचे दोन्ही चित्रपट १९७० मध्ये आले. ‘सेइ समय’ या कादंबरीला १९८५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. एकोणिसाव्या शतकातील कोलकात्याची ही कथा म्हणजे द्वारकानाथ-कादंबिनींच्या पिढीची जमीन कशी तयार झाली, याची उत्तम ओळख. निधनसमयी ते साहित्य अकादमीचे अध्यक्ष होते. परदेशी गेलेल्या बंगाल्यांमध्येही हे आडनाव साहित्याचा विषय झाले. झुंपा लाहिरी यांच्या २००३ मधील ‘द नेमसेक’ या कादंबरीचा नायक गोगोल गांगुली अमेरिकेत वाढतो, आणि त्याला छळते ते आडनाव नव्हे, तर वडिलांनी ठेवलेले रशियन लेखकाचे नाव.

चित्रकलेत जामिनी प्रकाश गंगोपाध्याय यांची निसर्गचित्रे आणि अर्धेंद्र कुमार गंगोपाध्याय यांचे संपादन ही दोन ठळक कामे. अर्धेंद्र कुमार पेशाने सॉलिसिटर होते. १९२० मध्ये त्यांनी सुरू केलेले ‘रूपम्’ हे त्रैमासिक भारतीय कलेवरील छपाईचा नमुनाच ठरले. क्रांतिकार्यात बिपिनबिहारी गांगुली आणि अनुशीलन समितीचे प्रतुलचंद्र गांगुली यांनी आयुष्याची कित्येक वर्षे तुरुंगात घालवली.

सिनेमात दोन गांगुलींना दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला. पहिले धीरेंद्रनाथ, १९७५ साली. शांतिनिकेतनात शिकलेले, हैदराबादेत चित्रकलेचे शिक्षक असलेले धीरेंद्रनाथ १९२१ च्या ‘बिलात फेरत’ या विनोदी मूकपटातून गाजले. पुढे त्यांनी निजामाच्या हैदराबादेतच चित्रपट कंपनी काढली. ‘रझिया बेगम’ हा चित्रपट दाखवल्यावर निजामाची मर्जी फिरली आणि त्यांना संस्थान सोडावे लागले. मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानात होता. त्या संस्थानातील चित्रपटनिर्मितीचा एक आरंभ असा खुंटला.

दुसरे अशोककुमार, १९८८ साली. त्यांचे नाव कुमुदलाल गांगुली. जन्म १९११, भागलपूर. वडील कुंजलाल मध्य प्रदेशातील खांडव्याला वकील होते. बहीण सतीदेवी हिचे पती शशधर मुखर्जी हे मालाडच्या बॉम्बे टॉकीजमध्ये ध्वनिमुद्रण करत. त्यांच्यामुळे कुमुदलाल तेथील प्रयोगशाळेत कामाला लागले. १९३६ मध्ये ‘जीवन नैया’चा नायक ऐनवेळी बदलावा लागला आणि बॉम्बे टॉकीजचे हिमांशू राय यांनी या तरुणाला उभे केले. त्याच वर्षीच्या ‘अछूत कन्या’ने त्यांना देशभर ओळख दिली. १९४३ चा ‘किस्मत’ कोलकात्याच्या रॉक्सी चित्रगृहात तीन वर्षांहून अधिक चालला. धाकटे भाऊ कल्याण आणि आभास यांनी अनुपकुमार आणि किशोरकुमार ही नावे घेतली, आणि ‘चलती का नाम गाड़ी’ (१९५८) मध्ये तिघे भाऊ भाऊ म्हणूनच पडद्यावर आले. किशोरकुमार १९२९ मध्ये खांडव्याला जन्मले. ‘गंमत जंमत’ (१९८७) या मराठी चित्रपटातील त्यांचे गाणे महाराष्ट्रात अजून वाजते. त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला, थोरल्या भावाच्या वाढदिवशी, त्यांचे निधन झाले. सतीदेवीचा मुलगा शोमू याचे लग्न शोभना समर्थ यांची मुलगी तनुजा हिच्याशी झाले; काजोल ही त्यांची मुलगी. खांडव्याच्या गांगुलींचा आणि मराठी समर्थांचा वंश असा एकत्र आला, पण पाटीवर दोन्हींपैकी एकही आडनाव राहिले नाही.

रंगभूमीवर उषा गांगुली (१९४५–२०२०) यांचे काम मराठीशी थेट जोडलेले आहे. जन्म जोधपूरचा, घर हिंदीभाषक, आडनाव लग्नाने आलेले. बंगाली नाटकांच्या शहरात हिंदी नाटक रुजवण्यासाठी त्यांनी १९७६ मध्ये ‘रंगकर्मी’ ही संस्था काढली. ‘महाभोज’, ‘रुदाली’, ‘कोर्ट मार्शल’ यांबरोबरच रत्नाकर मतकरींचे ‘लोककथा’ आणि महेश एलकुंचवारांचे ‘होळी’ त्यांनी कोलकात्याच्या प्रेक्षकांसमोर आणले. रूपा गांगुली यांची देशभरची ओळख दूरदर्शनवरील ‘महाभारत’ मालिकेतील द्रौपदी म्हणून झाली. पुढे त्या राज्यसभेतही होत्या. न्यायाच्या क्षेत्रात दोन्ही रूपे दिसतात: टू-जी दूरसंचार प्रकरणात २०१२ मध्ये १२२ परवाने रद्द करणाऱ्या खंडपीठावरचे न्यायमूर्ती अशोककुमार गांगुली, आणि कोलकाता उच्च न्यायालयातून राजीनामा देऊन २०२४ मध्ये लोकसभेवर निवडून आलेले अभिजित गंगोपाध्याय.

आजच्या वाचकाला मात्र गांगुली म्हटले की सौरव आठवतो. त्याचे घर बेहाल्यातील बीरेन राय रोडवर. सावर्ण रायचौधुरींच्या बडिशापासून ते दूर नाही: २०२२ च्या अखेरीस सुरू झालेल्या मेट्रोमार्गावर बेहाला चौरस्ता आणि बडिशाजवळचे सखेर बाजार ही शेजारशेजारची स्थानके आहेत. सौरवचा जन्म ८ जुलै १९७२ चा. वडील चंडीदास छपाईच्या व्यवसायातले. थोरला भाऊ स्नेहाशीष बंगालकडून खेळे. १९८९-९० च्या रणजी अंतिम सामन्यात निवड समितीने त्यालाच वगळून धाकट्याला घेतले आणि बंगालने करंडक जिंकला. जून १९९६ मध्ये लॉर्ड्सवर पहिल्याच कसोटीत सौरवने १३१ धावा केल्या, पुढच्या कसोटीत १३६. एकदिवसीय सामन्यांत सचिन तेंडुलकरबरोबर त्याने १७६ डावांत ८,२२७ धावांची भागीदारी केली. बांद्र्याचा उजवा आणि बेहाल्याचा डावा असे ते जोडपे.

सामनेनिश्चितीच्या प्रकरणाने भारतीय क्रिकेटवरचा विश्वास डळमळलेला असताना, २००० मध्ये कर्णधारपद त्याच्याकडे आले. झहीर खान (मूळचा अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्यातील श्रीरामपूरचा), युवराज सिंग, हरभजन सिंग यांना त्याने संधी दिली आणि अपयशातही त्यांची पाठराखण केली. २००१ मध्ये ईडन गार्डन्सवर फॉलोऑननंतर भारताने ऑस्ट्रेलियाला हरवले, तेव्हा त्या संघाची सलग सोळा विजयांची मालिका तुटली. फेब्रुवारी २००२ मध्ये वानखेडेवर इंग्लंडच्या फ्लिंटॉफने शर्ट काढून आनंद साजरा केला होता. जुलैमध्ये लॉर्ड्सच्या गच्चीवर सौरवने त्याला तशीच परतफेड केली. २००३ मध्ये संघ विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात पोचला. कर्णधार म्हणून ४९ कसोटींत २१ विजय. एकूण ११३ कसोटींत ७,२१२ आणि ३११ एकदिवसीय सामन्यांत ११,३६३ धावा. शेवटची कसोटी नोव्हेंबर २००८ मध्ये नागपूरच्या जामठा मैदानावर. बंगाली लोक त्याला ‘दादा’ म्हणतात. अशोककुमारांना घरचे आणि पुढे सारी चित्रसृष्टी ‘दादामुनी’ म्हणे. हा मान वयाने मिळत नाही, लहानांना पुढे आणल्याने मिळतो, हे दोघांच्याही बाबतीत खरे आहे.

ऑक्टोबर २०१९ ते ऑक्टोबर २०२२ या काळात सौरव भारतीय क्रिकेट नियामक मंडळाचा अध्यक्ष होता. त्यानंतर बंगाल क्रिकेट संघटनेच्या अध्यक्षपदी स्नेहाशीष आला, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये बिनविरोध निवडीने ते पद पुन्हा सौरवकडे गेले.